माणूस, सभासद आणि लॉगिन: नोंदी मांडण्याच्या वादाचा आढावा

मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्यामध्ये २००६ साली नाहूर हे नवे स्थानक सुरू झाले. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यालगतच्या या भागात आज जुन्या बिनलिफ्टच्या सोसायट्या आणि नवे उंच मनोरे शेजारी शेजारी दिसतात. जुन्या सोसायटीच्या कपाटात कापडी पुठ्ठ्याची सभासद नोंदवही असते. नव्या मनोऱ्याच्या गेटवर टॅब्लेट असतो आणि रहिवाशांच्या मोबाइलमध्ये ॲप. दोन्हीकडे प्रश्न मात्र एकच असतो: इथे कोण कोण आहे, आणि कोणाला काय करता येते?

डेटाबेस रचणाऱ्यांमध्ये या प्रश्नावर गेली अनेक दशके चर्चा चालू आहे. माणसांची माहिती आणि लॉगिनची माहिती एकाच टेबलमध्ये ठेवावी की वेगवेगळ्या, वेगळी ठेवल्यास दोन्ही कशाने जोडावी, आणि माणूस निघून गेल्यावर कोणती नोंद उरावी, याबद्दल ठाम मते आहेत. ही मते कुठून आली, कुठे जुळली आणि कुठे अजून अडली आहेत, हे या लेखात गृहनिर्माण संस्थेच्या उदाहरणावर पाहू.

१. एका फ्लॅटचा हिशेब

समजा, एका फ्लॅटच्या शेअर सर्टिफिकेटवर पती-पत्नी दोघांची नावे आहेत आणि पतीचे नाव पहिले आहे. दोघे पुण्याला राहतात, फ्लॅट भाड्याने दिला आहे. भाडेकरूंच्या घरात चौघे आहेत आणि त्यांपैकी दोघांकडे गेटच्या ॲपचे लॉगिन आहे. मेंटेनन्सचे बिल मालकाच्या नावे निघते, पण ते भरते त्यांची मुलगी, वडिलांच्या लॉगिनमधून आणि स्वतःच्या खात्यातून. मालक मागच्या कार्यकाळात सोसायटीचे खजिनदार होते. घरकामाच्या मावशी याच मजल्यावर तीन घरांत जातात. त्यांची नोंद गेटवर आहे, लॉगिन नाही. गेटवरच्या टॅब्लेटला लॉगिन आहे, पण तो तीन पाळ्यांतले वेगवेगळे वॉचमन वापरतात.

इथे माणूस, सभासद आणि लॉगिन यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. काही माणसांना लॉगिन नाही, एका लॉगिनमागे माणूस ठरलेला नाही, तर दुसरे लॉगिन ज्याच्या नावावर आहे तो ते वापरत नाही. रचनेचे सगळे मतभेद या न जुळण्यातून निघतात.

२. पार्श्वभूमी: नोंदवही आणि पासवर्डची फाइल

आजच्या रचनेचे मूळ दोन जागी सापडते. पहिले मूळ कागदावरचे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३८ नुसार प्रत्येक संस्थेला सभासदांची नोंदवही ठेवावी लागते. तीच 'आय' नमुन्यातली वही. तिच्यात नाव, पत्ता, व्यवसाय आणि भाग यांच्याबरोबर सभासद झाल्याची तारीख आणि सभासदत्व संपल्याची तारीखही असते. सभासदांची यादी 'जे' नमुन्यात वेगळी केली जाते. म्हणजे इतिहास सांगणारी वही एक आणि आज कोण सभासद आहे ते सांगणारी यादी दुसरी, ही विभागणी सोसायट्यांत संगणक येण्याआधीच कायद्यात होती.

दुसरे मूळ यंत्रावरचे. युनिक्स प्रणालीत वापरकर्त्यांची फाइल असे. तिच्या एका ओळीत लॉगिनचे नाव, पासवर्डचे सांकेतिक रूप, क्रमांक, गट आणि माणसाचे पूर्ण नाव असे सगळे एकत्र, मध्ये अपूर्णविराम (:) टाकून लिहिलेले असे. माणूस आणि लॉगिन ही तिथे एकच गोष्ट होती. पण ही फाइल सर्वांना वाचता येत असल्याने पासवर्डचा भाग पुढे काढून वेगळ्या, बंदिस्त फाइलमध्ये ठेवावा लागला. लॉगिनचा गुप्त भाग बाकी माहितीपासून दूर करायचा, हा धडा तिथे मिळाला.

दरम्यान एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल पद्धतीचा पाया घातला. एक गोष्ट एकाच जागी नोंदवावी आणि बाकीच्यांनी तिचा संदर्भ घ्यावा, ही शिस्त त्यातून आली. १९७६ साली पीटर चेन यांनी वस्तू आणि त्यांच्यातले संबंध चित्रात मांडण्याची रीत दिली. पुढच्याच वर्षी जॉन आणि डायेन स्मिथ यांनी सामान्य प्रकार आणि त्याचे उपप्रकार टेबलांत कसे बसवावेत ते दाखवले. 'सभासद हाही माणूस, भाडेकरू हाही माणूस' हे डेटाबेसला कसे सांगायचे, या प्रश्नाला तेव्हापासून शास्त्रीय भाषा मिळाली.

३. पहिली भूमिका: एकच टेबल

या मतानुसार एक 'यूझर्स' टेबल पुरे. नाव, मोबाइल, ईमेल, पासवर्ड, फ्लॅट क्रमांक आणि भूमिका हे त्याचे रकाने. बाजू मांडणारे म्हणतात की लिहायला सोपे, वाचायला सोपे आणि जोडण्या कमी. ज्या व्यवस्थेत नोंद झालेला प्रत्येक जण लॉगिन करतो, तिथे हे खरेही आहे. वर्डप्रेसमध्ये आजही लॉगिन, पासवर्ड, ईमेल आणि दाखवायचे नाव एकाच मुख्य टेबलमध्ये असते.

आक्षेप सुरू होतो तो लॉगिन नसलेल्या माणसापासून. मावशींची नोंद करायची तर ईमेलचा रकाना रिकामा ठेवावा लागतो, आणि तो अनिवार्य असेल तर कुणीतरी खोटा ईमेल भरतो. रिकाम्या रकान्यावर 'एकमेव' अशी अट घातली की वेगवेगळे डेटाबेस वेगवेगळे वागतात. पोस्टग्रेएसक्यूएल मुळात कितीही रिकाम्या ओळी चालवून घेतो, तर एसक्यूएल सर्व्हर एकच रिकामी ओळ मान्य करतो. भूमिकेच्या रकान्यात 'खजिनदार' लिहिले की 'सभासद' कुठे लिहायचे हा प्रश्न येतो, आणि कार्यकाळ संपल्यावर तो शब्द पुसला की जुन्या चेकवर सही कोणी केली याचा माग जातो.

४. दुसरी भूमिका: माणूस वेगळा, खाते वेगळे

सर्वात जास्त पाठिंबा आज या मांडणीला आहे. 'व्यक्ती' टेबलमध्ये माणूस, 'खाते' टेबलमध्ये लॉगिन, आणि खात्यातून व्यक्तीकडे जाणारी फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलमधल्या ओळीचा संदर्भ. लॉगिन नसलेला माणूस राहू शकतो, आणि खाते बंद झाले तरी माणसाची नोंद हलत नाही.

यातही दोन पोटमते आहेत. एकाच्या मते खात्याची आणि व्यक्तीची प्रायमरी की, म्हणजे ओळ ओळखण्याची एकमेव खूण, एकच असावी. मार्टिन फाउलर यांनी २००२ च्या पुस्तकात प्रोग्राममधल्या वर्गांचा वारसा टेबलांत उतरवण्याचे तीन प्रकार सांगितले: सगळ्यांचे एक टेबल, प्रत्येक वर्गाचे स्वतःचे टेबल, आणि फक्त प्रत्यक्ष वापरातल्या वर्गांची टेबले. सामाईक की त्यातल्या दुसऱ्या प्रकाराला जवळची आहे. तिचा फायदा असा की एका माणसाला एकच खाते, हे डेटाबेस स्वतःच पाळतो. दुसरे पोटमत म्हणते की खात्याला स्वतःची की असावी आणि व्यक्तीचा संदर्भ ऐच्छिक असावा, कारण गेटच्या टॅब्लेटमागे एकच माणूस नाही आणि बँकेच्या पेमेंट प्रणालीशी बोलणाऱ्या खात्यामागे माणूसच नाही. पहिले मत काटेकोर आहे, दुसरे सैल पण वास्तवाला जवळचे.

तयार चौकटी वापरणाऱ्यांना हा निर्णय घाईने घ्यावा लागतो. जँगो या चौकटीत पूर्वी तयार यूझर टेबलला 'प्रोफाइल' जोडायची रीत होती, २०१३ च्या १.५ आवृत्तीपासून स्वतःचे यूझर मॉडेल लिहिता येते. नवा प्रकल्प सुरू करतानाच ते लिहा असा सल्ला तिथे दिला जातो, कारण टेबले तयार झाल्यावर ते बदलणे फार त्रासाचे ठरते.

५. तिसरी भूमिका: पक्षकार आणि नाती

डेव्हिड हे यांचे १९९६ चे आणि लेन सिल्व्हरस्टन यांचे १९९७ चे पुस्तक यांतून 'पार्टी' मॉडेल रुळले. व्यक्ती आणि संस्था या दोन्हींच्या वर 'पक्षकार' हे एक सामान्य टेबल असते. सभासद, भाडेकरू, खजिनदार ही माणसाची जात नसून त्याचे एखाद्या फ्लॅटशी किंवा सोसायटीशी असलेले नाते आहे, आणि प्रत्येक नात्याला 'पासून' आणि 'पर्यंत' अशा तारखा असतात.

गृहनिर्माण संस्थेला हे मॉडेल बरेच लागू पडते. फ्लॅट कंपनीच्या नावावर असू शकतो. २०१९ साली सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि त्यात सहयोगी, संयुक्त आणि तात्पुरता सभासद असे प्रकार आले. सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीला तात्पुरते सभासदत्व मिळते आणि मालकीचा निर्णय वारसा कायद्याने होतो. म्हणजे आजचा नॉमिनी उद्याचा मालक असेलच असे नाही. संयुक्त सभासदांत मतदानाचा पहिला हक्क ज्याचे नाव आधी त्याचा, म्हणून नात्याच्या टेबलमध्ये क्रम सांगणारा रकानाही लागतो. 'भूमिका' नावाचा एकच रकाना एवढे सगळे पेलू शकत नाही.

विरोधकांचे म्हणणेही वजनदार आहे. सगळेच 'नाते' झाले की साधी यादी काढायला पाच टेबले जोडावी लागतात. एका वेळी एकच अध्यक्ष असावा, हा नियम इतक्या सामान्य टेबलवर लादणे अवघड जाते आणि शेवटी तो प्रोग्रामरच्या भरवशावर राहतो. या आक्षेपाची धार अलीकडे थोडी बोथट झाली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या पोस्टग्रेएसक्यूएल १८ मध्ये एकाच कीचे कालावधी एकमेकांवर चढू नयेत, अशी अट टेबललाच घालता येते.

याच टोकाला आणखी एक वाट आहे: रकाने आधी ठरवायचेच नाहीत, 'गुणधर्म आणि त्याची किंमत' अशा जोड्या साठवायच्या. वर्डप्रेसचे यूझरमेटा टेबल असेच आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१४ पासून जेसनबी प्रकार आल्यावर ही लवचिकता एका रकान्यातही मिळते. गाडीचा नंबर, कुत्र्याच्या लसीची तारीख अशा किरकोळ माहितीला ते सोयीचे आहे. ज्या माहितीवर मतदान किंवा थकबाकी ठरते, ती मात्र तिथे ठेवू नये, यावर फारसा वाद नाही.

६. ओळख कशाने पटवायची

प्रायमरी की नैसर्गिक असावी की कृत्रिम, हा रिलेशनल जगातला जुना वाद. भारतात त्याला वेगळा रंग चढला. पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. बारा अंकी, माणसाबद्दल काहीच न सांगणारा, शेवटचा अंक चूक पकडण्यासाठी राखलेला असा हा क्रमांक प्रायमरी कीसाठी अनेकांना आयताच वाटला. पण २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगी संस्थांना आधार वापरू देणारी कलम ५७ मधली तरतूद रद्द केली. प्रत्येक टेबलमध्ये पसरलेला आधार क्रमांक फुटला तर नुकसानही प्रत्येक टेबलचे होते, हे तो की म्हणून न वापरण्याचे आणखी एक कारण.

मग मोबाइल नंबर? भारतीय ॲप्सचे लॉगिन बहुधा त्यावर आणि ओटीपीवर चालते. पण बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, आणि घरात एकच नंबर दोघे वापरतात. नंबर हीच ओळख मानली तर नव्या ग्राहकाच्या हाती जुन्या रहिवाशाचे खाते जाऊ शकते. गूगलसारख्या सेवेतून लॉगिन घेतानाही हाच मुद्दा येतो. ओपनआयडी कनेक्टचे मानक सांगते की सेवा देणारा आणि त्याने दिलेला आतला क्रमांक ही जोडीच ओळख म्हणून धरावी, ईमेल नव्हे.

म्हणून बहुतेक जण आत कृत्रिम की आणि बाहेरच्या ओळखींवर एकमेवपणाची अट, या तोडग्यावर आले आहेत. वाढता पूर्णांक घ्यावा की यूयूआयडी हे लांबलचक एकमेव ओळखचिन्ह, हा उपवाद उरतो. पूर्णांक आटोपशीर असतो, पण पत्त्यातला आकडा एकने वाढवून शेजाऱ्याचे बिल मागण्याचा मोह होतो. त्यावरचा खरा इलाज परवानगी तपासणे हाच आहे. यादृच्छिक यूयूआयडी इंडेक्सभर विखुरतात. वेळेच्या क्रमाने वाढणारी सातवी आवृत्ती मे २०२४ मध्ये मानकात आल्यावर हा आक्षेप सौम्य झाला.

नैसर्गिक कीच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र शिल्लक आहे: कृत्रिम की दुबार नोंद थांबवत नाही. एकच माणूस भाडेकरू म्हणून आला, नंतर त्याच सोसायटीत फ्लॅट घेतला, तर त्याच्या दोन ओळी दोन निरनिराळ्या क्रमांकांनी सुखेनैव नांदतात.

७. नावाचे रकाने

'पहिले नाव, मधले नाव, आडनाव' ही तिहेरी चौकट मराठी माणसाला नैसर्गिक वाटते. पण शेजारच्या फ्लॅटमधल्या तमिळ कुटुंबाला आडनाव नसते आणि केरळातून आलेल्या परिचारिकेच्या नावात अद्याक्षरे असतात. महाराष्ट्रातही चौकट हलली आहे. मार्च २०२४ मधल्या मंत्रिमंडळ निर्णयानुसार ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्यांच्या नावात शासकीय कागदपत्रांवर आईचे नावही येते. 'मधले नाव' म्हणजे वडिलांचे किंवा पतीचे, असे गृहीत धरणाऱ्या रचनेत ते कुठे बसवायचे? एक मत म्हणते की पूर्ण नाव एका रकान्यात ठेवावे आणि हाक मारायचे नाव दुसऱ्यात. दुसरे मत म्हणते की सरकारी नमुन्यांशी जुळवायचे तर सुटे भाग लागतातच. तिसरे मत नावांचे वेगळे टेबल सुचवते, ज्यात लग्नापूर्वीचे, आजचे आणि कागदपत्रावरचे नाव तारखांसह राहते.

लिपीचा गुंता वेगळाच. 'कऱ्हाडकर' या आडनावातला अर्धा र तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो: स्वतंत्र ऱ आणि हलन्त, र आणि नुक्ता आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. युनिकोडचे प्रमाणीकरण पहिले दोन एक करते, तिसरे वेगळेच राहते. शोध घेतला की माणूस 'सापडत नाही'.

८. पासवर्ड, प्रयत्न आणि पुसणे

लॉगिनच्या बाजूला एकमत सर्वाधिक आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये पासवर्डच्या सांकेतिक रूपात 'मीठ', म्हणजे प्रत्येकासाठी वेगळी यादृच्छिक भर, मिसळण्याची पद्धत मांडली, १९९९ मध्ये बीक्रिप्ट आले आणि २०१५ मध्ये आर्गॉन२ ने त्या विषयाची जागतिक स्पर्धा जिंकली. तरीही २०१२ मध्ये लिंक्डइनमधून फुटलेल्या पासवर्डांत मीठ नव्हते. आज ओटीपी, पासकी आणि बाहेरच्या सेवा असे अनेक मार्ग असल्याने पुरावे खात्यापासून तोडून त्यांचे वेगळे टेबल करावे, असा कल आहे.

लॉगिनच्या बाजूचे तिसरे टेबल प्रयत्नांचे: कोणी, केव्हा, कुठून लॉगिन केले किंवा करू पाहिले. यात फक्त ओळी वाढतात, बदलत नाहीत. फसलेल्या प्रयत्नाला खाते सापडलेलेच नसू शकते, म्हणून इथला संदर्भ ऐच्छिक असावा लागतो. घाईत लोक नावाच्या चौकटीत पासवर्ड टाइप करतात, म्हणून टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा साठवणे धोक्याचे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतात राखावे लागतात.

इथे राखणे आणि पुसणे यांची टक्कर होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला, मात्र दुसऱ्या कायद्याने जी ठेवणे भाग आहे ती वगळून. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. सभासद नोंदवही कायद्याने ठेवायची, मावशींच्या जुन्या ये-जा नोंदी कशासाठी ठेवायच्या? ओळीवर 'काढली' अशी खूण करणे सोपे, पण ते पुसणे नव्हे. शिवाय तोच मोबाइल नंबर पुन्हा आला की एकमेवपणाची अट आडवी येते आणि ती फक्त चालू ओळींपुरती लावावी लागते. नाव काढून क्रमांक ठेवणे हा मधला मार्ग असला, तरी फ्लॅट नंबर आणि तारीख एवढ्यावरून माणूस ओळखता येतोच.

९. आज चित्र कुठे आहे

व्यक्ती, नाते, खाते, पुरावा आणि प्रयत्न यांचे आयुष्य सारखे नसते, हे आता बहुतेक रचनाकार मानतात. माणूस सोसायटीत वीस वर्षे राहतो, समितीतले पद पाच वर्षांचे, खाते फोन बदलेपर्यंत, ओटीपी काही मिनिटांचा. ज्या दोन गोष्टी वेगवेगळ्या घटनांनी सुरू होतात आणि संपतात, त्या एका ओळीत कोंबू नयेत, या कसोटीवर तिन्ही भूमिकांचे लोक एकत्र येऊ शकतात. मतभेद उरतो तो किती आधी आणि किती खोल तोडायचे याचा. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीला पूर्ण पार्टी मॉडेल जड होईल. शेकडो सोसायट्यांना एकाच डेटाबेसमधून सेवा देणाऱ्या कंपनीला एकच टेबल लवकर अपुरे पडेल, कारण एकच माणूस नाहूरमध्ये मालक आणि ठाण्यात भाडेकरू असतो.

तीन प्रश्न मात्र सुटलेले नाहीत. पहिला, दुबार नोंदींचा. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हे संभाव्यतेने ठरवण्याची पद्धत आयव्हन फेलेगी आणि ॲलन संटर यांनी १९६९ मध्येच दिली, पण चुकून दोन शेजारी एकत्र झाले तर ते परत सोडवण्याची सोय फार थोड्या रचनांत असते. दुसरा, दुसऱ्याच्या वतीने खाते वापरण्याचा. वडिलांचे बिल भरणाऱ्या मुलीला वडिलांचा ओटीपी विचारावा लागतो, कारण 'हिला माझ्या वतीने एवढेच करू द्या' असे नाते नोंदवायला टेबलच नसते. तिसरा, जबाबदारीचा. माहिती सोसायटीची, सर्व्हर कंपनीचा, आणि करार संपला की कोणती ओळ कोणी पुसायची हे टेबलांच्या रचनेत लिहिलेले नसते.

पहिल्या प्रश्नाला गणित आहे, दुसऱ्याला रचना सापडेल. तिसऱ्याचे उत्तर डेटाबेसबाहेर, सोसायटी आणि कंपनी यांच्या करारात आहे. डेटा संरक्षण नियमांची मुदत २०२७ च्या मध्यात संपण्यापूर्वी करारात पुसण्याच्या जबाबदारीचे कलम लिहिणे सेक्रेटरी आणि समितीचे काम आहे, प्रोग्रामरचे नाही.